खटका दुकानाकडे

१८ सप्टेंबर ९७, गुरुवार

सकाळी साडेनऊला संगीचा फोन. तिच्या सासरच्या, निरवांगीच्या पीसीओवरून. वस्तीवरून गावात चालत यायला तिला आता अर्धा तास लागतो.

आपल्याकडे तार एकच, तिच्यावर फोन दोन. एक पुढं अशोक भाऊजींच्या, जळलेल्या मोटारींना तार भरायच्या दुकानात, एक माझ्या स्वयंपाकघरात. वाजतात दोन्ही एकदम. मी उचलला. "आई, पाय लई सुजल्यात गं, चप्पल बसंना. आन् अंगावरनं..." एवढ्यात मधेच कुणी बाप्या बोलला, "आवं शेठ, माझी पाच हॉर्सची मोटार झाली का भरून?" दुकानात गिऱ्हाइकानेच उचललेला.  संगी लगेच म्हणाली, "बरं हाय सगळं. ठिवते."

काय बरं आहे? अंगावरनं काय?

भाऊजींना विचारलं तर हसले. "वहिनी, माझे दोनी हात तांब्याच्या तारंत आडकल्यालं. घंटी वाजली की जवळचा माणूस उचलतोय. त्येला काय कळतंय बायकांचं?" त्याला कळत नसेल. पोरीला लाज वाटते त्याचं काय.

आठवा लागलाय तिला. मागल्या खेपेस पाचव्यातच, ह्याच घरात... पुढं लिहीत नाही. खंडेराया, एवढी एक वेळ पार पाड.

२० सप्टें., शनि.

हे कारखान्यावरून आले. सोमेश्वरनगरला मशिनरी खोलून ठेवलीय, गळीत सुरू व्हायच्या आत सगळी जोडायची, म्हणून आठवडाभर तिकडंच मुक्काम.

संगीचं सांगितलं. म्हणाले, "उद्याच जाऊन घिऊन येऊ पोरीला." मी म्हणाले, पितृपक्ष चालू आहे, ह्या पंधरवड्यात पोटुशीला हलवायची नाही. "बरं, मग त्येच्या फुडं." पुढं घट बसतात. घट असताना विहीणबाई सून बाहेर काढायच्या नाहीत, आणि मलाही ते बरं दिसत नाही. शेवटी दसऱ्याला आणायचं ठरलं. दिवस चांगला, मुहूर्त बघायला नको. मीच ठरवलं. हे नुसते "तुझ्या मनानं" म्हणाले.

विहीणबाईंचं मागचं बोलणं कानातून जात नाही. "म्हायेरी न्हेली आन् रिकामी आणून घातली."

फोनचं मिस्त्रीला सांगतो, हे म्हणाले.

२३ सप्टें., मंगळ.

रहीम मिस्त्री आले. दुकानात फोनच्या शेजारी भिंतीवर पेटी बसवली. जुनीच बसवा म्हणाले मी, काम तेच करते. पेटीला खटका. खाली केला की फोन दुकानात वाजणार, वर केला की घरात. एका वेळी एकच बोलणार, दुसऱ्याला काही ऐकू जायचं नाही.

मिस्त्री जाता जाता म्हणाले, "भाभी, खरं सांगू का? ह्येबी नको. पेटी काढून टाकतो, तार दुकानातनं नुसती म्होरं न्हेतो. हितं फक्त जोड ऱ्हाईल. समदं डायरेक तुमच्याकडं."

भाऊजी तार गुंडाळता गुंडाळता थांबले. "आन् माझा फोन काय शोभंला ठिवू? बोर्डावर नंबर रंगवून घेतलाय मी."

कमल, म्हणजे धाकटी जाऊ, चहा घेऊन आलेली. "ठिवा की शोभंला. तुमच्यापरीस कमीच बोलंल त्यो."

मिस्त्रीसुद्धा हसले. मी हसले. पण डायरेक्ट झालं असतं तर बरं, असं तेव्हाच मनात आलं. लाइन भाऊजींच्या नावावर. कसं म्हणायचं?

असं ठरलं: दिवसा खटका खाली, दुकानाकडे. दुकान बंद करताना भाऊजींनी वर करायचा. दिवसा संगीचा आला तर त्यांनी खटका वर करून मला हाक मारायची.

२६ सप्टें., शुक्र.

द.राव (जावई) संगीला घेऊन बारामतीत डॉ.बाईंकडे आले. मी तिथंच गेले. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. तोंडही सुजलेलं. बी.पी. जास्त. अंगावर गेलं ते थोडंच होतं आणि थांबलं, म्हणून जीव भांड्यात पडला, तर डॉ.बाई म्हणाल्या त्याची काळजी नाही, काळजी बी.पी.ची. मीठ बंद, डाव्या कुशीवर पडून राहायचं.

मग द.रावांना समोर बसवून बोलल्या. "डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा पोटात वरच्या बाजूला कळ आली, तर घरात एक मिनिट थांबायचं नाही. झटके आले तर आई आणि मूल दोन्ही हातचं जातं." असं तोंडावर. संगी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

वस्तीवर गाडी नाही. म्हणून ठरलं की असं काही झालं तर द.रावांनी पीसीओवरून फोन करायचा, इकडून भाऊजी जीप काढतील. भाऊजींनी शब्द दिला. "रातचं दोन वाजूंद्या न्हायतर तीन."

एस.टी.त बसवून दिलं. ठेवून घ्यावी असं फार वाटलं. सर्वपित्री व्हायची आहे अजून. "आई, पंधरा दिवस तर ऱ्हायलेत," तीच म्हणाली.

२९ सप्टें., सोम.

आज खटका खालीच राहिला. भाऊजी सहाला घाईत शटर ओढून मोटार बसवायला गेले. मी साडेसहापासून फोनपाशी. वाजेना. उचलून कानाला लावला तर आत काहीच नाही, विहिरीत कान घातल्यासारखं. मग पुढं गेले तर शटरच्या आत वाजतोय. 

कमलकडे दुसरी किल्ली होती. उघडून उचलेपर्यंत बंद. पुन्हा वाजला. संगीच. "काय न्हाय गं, जेवले का विचारायला."

भाऊजी आल्यावर मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलले त्यांच्याशी. डायरेक्ट करा म्हणाले, बाळंतपण होईपर्यंत. ते म्हणाले, "वहिनी, सीझन तोंडावर आलाय. मोटार जळली की शेतकरी पयला फोन करतो. तुमी सैपाकघरातनं काय सांगणार त्येला, आमटी झाली म्हणून?" मग माझं तोंड बघून, "चुकलं. फुडं न्हाय इसरायचो. आईची आण."

दुसरी किल्ली मात्र कमलकडून काढून स्वतःच्या जुडग्यात घातली. "हज्जार रुपयाची तांब्याची तार हाय आत, कुणीबी उघडंल." रागात होते.

२ ऑक्टो., गुरु.

घट बसवले. नऊ दिवस अनवाणी. कुणाला सांगितलं नाही कशासाठी. देवीला माहीत.

६ ऑक्टो., सोम.

संध्याकाळी फोन. खटका वर होता, भाऊजी विसरले नाहीत. संगी म्हणाली, डोकं जड वाटतं, ऊन लागलं असेल. मी म्हणाले आत्ताच्या आत्ता ये. "आत्याबाई म्हनत्यात घट बसल्यात, पाच दिसांनी दसरा हाय, जातीसच की."

विहीणबाईंना फोनवर बोलवायला सांगावं तर त्या पीसीओपर्यंत येणार नाहीत. द.रावांना बोलले. ते म्हणाले, "मामी, उद्या डोकं थांबलं न्हाय तर आनतो." आज्ञाधारक माणूस. आईचाही, माझाही.

७ ऑक्टो., मंगळ.

डोकं थांबलं म्हणून फोन आला. देवीपुढं साखर ठेवली.

९ ऑक्टो., गुरु., अष्टमी

उद्या खंडेनवमी. भाऊजींनी दुकान झाडून घेतलं. पकडी, पाने, हातोड्या, तार गुंडाळायचं यंत्र, सगळं रॉकेलने पुसून ओळीनं मांडलं. ह्यांचा निरोप, कारखान्यातल्या मशिनरीची पूजा आहे, उद्या नाही येत, दसऱ्याला सकाळी येतो आणि तसंच निरवांगीला जाऊ.

संगीची खोली सारवली. बाज उन्हात टाकली. एक दिवस राहिला.

१० ऑक्टो., शुक्र.

संगी दवाखान्यात. झटके आले. अजून आत आहे. मी पाणी प्यायला घरी आले आणि

११ ऑक्टो., शनि., दसरा

काल काय झालं ते लिहून ठेवते. कुणाला सांगता येत नाही, कुठंतरी राहावं.

सकाळी दुकानात पूजा. दरवर्षी मीच करते, भाऊजी नारळ फोडतात. हत्यारांना हळदकुंकू, झेंडू. फोनलाही लावलं, तो पण दुकानाच्या पोटाचाच. पेटीला लावलं. खटक्यावर एक फूल ठेवलं. ठेवताना दिसलं की खटका खाली आहे. वर करावा का, असं आलं मनात, खोटं लिहिणार नाही. पण पूजा झालेली. आमच्यात नवमीला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी पाणी फिरवेपर्यंत हलवत नाहीत. विळीसुद्धा पूजेत असते, भाजी हाताने मोडतो. आणि भाऊजी म्हणालेच होते की दिवसभर दुकानात बसून आहे. म्हणून राहू दिला.

बाराला नैवेद्य झाला. तेवढ्यात कन्हेरीहून माणूस आला, तिथल्या मळ्यातल्या बिरोबाला दरवर्षीचा नारळ राहिलाय. भाऊजी कमलला घेऊन जीपने गेले, जीपची पूजा आमच्यात दसऱ्याला. शटरला कुलूप, किल्ल्या खिशात. "तासात येतो वहिनी." मी हो म्हणाले. खटका मला आठवला नाही. सकाळी आठवला आणि तेव्हा आठवला नाही, ह्याला काय म्हणावं.

सव्वा वाजता मी पान वाढून घेत होते. पुढून घंटी ऐकू आली. माझ्या ओट्यावरचा फोन मुका. तशीच खरकट्या हातानं धावले. शटरच्या आत वाजतोय. वाजून थांबला. पुन्हा वाजला. मी शटरवर हात मारत होते, जणू आतून कुणी उघडणार आहे.

शेजारचे गिरणीवाले बाबूराव पायरीवर बसलेले, गिरणी बंद म्हणून. धावत आले. "काय झालं वहिनी?" मी म्हणाले, संगीचा फोन असणार. "थांबा, कुलूप तोडतो. माझी पहारबी पूजेत हाय, पर काढतो." आणि खरंच वळले आणायला.

मी म्हणाले, "थांबा. आत पूजा मांडलीय."

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडून आलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ते थांबले. फोन तिसऱ्यांदा वाजला. आम्ही दोघं बाहेर उभे. एकवीस वेळा वाजला आणि थांबला. मग नाही वाजला.

त्यानंतर मला अक्कल आली. अनवाणीच चौकातल्या पीसीओवर गेले. निरवांगीचा नंबर लागेना, लागला तर कुणी उचलेना, जेवायच्या सुट्टीला बंद केलेला. अडीचला उचलला. तिथले तात्या म्हणाले, "तुमचे जावई आल्ते. तीन डाव लावला, कुनी उचलंना. पोरीचं डोकं फुटायला आलंय म्हनत व्हते, डोळ्याम्होरं अंधारी. गावात समद्या गाड्या धुवून हार घालून हुब्या, कुनी काढंना. आता दुधाचा टेम्पो येतोय, त्येच्यात घालतो म्हनाले." दुधाला नवमी नसते.

बाबूराव स्कूटरवर कन्हेरीला गेले. भाऊजी तिथून तसेच जीप घेऊन निघाले. टेम्पो वाटेतच भेटला. दुधाच्या कॅनच्या मधे पोतं टाकून तिला निजवलेली. पहिला झटका टेम्पोतच आला होता. द.रावांनी जिभेत दात जाऊ नयेत म्हणून स्वतःचं बोट घातलं, ते फाटलंय.

पाचला दवाखान्यात. डॉ.बाई धावत आल्या. "दोन तास आधी आणायला काय झालं होतं?"  भाऊजींनी मान खाली घातली. मीही घातली.

सिझेरियन केलं. मुलगी. दीड किलो. काचेच्या पेटीत आहे, रडली म्हणे, मी ऐकलं नाही. संगी शुद्धीवर नाही.

आज दसरा. हे सकाळी आले ते सरळ दवाखान्यात. दुपारी डॉ.बाई म्हणाल्या पुण्याला हलवा, लगेच. गाडीत संगी, नर्स, द.राव, आणि एका बाईला जागा. मी पिशवी घेऊन उभी होते. विहीणबाई चढून बसल्या. "तुमी फोन सांभाळा," म्हणाल्या.   हे मागून एस.टी.ने गेले.

सोनं कुणी लुटलं नाही आमच्याकडे.

१२ ऑक्टो., रवि.

सकाळी दुकानात ठोकाठोकी ऐकू आली. गेले तर भाऊजी रहीम मिस्त्रींना घेऊन पेटी उपटत होते. झेंडू खाली पडलेला. भिंतीला चार भोकं. मिस्त्रींनी तार सरळ घरात काढून दिली. दुकानात आता नुसता जोड, चिकटपट्टी गुंडाळलेला. दुकानातला फोन भाऊजींनी उचलून फळीवर ठेवला, तार सोडलेला.

"आता समदं डायरेक हाय वहिनी. हितं काय ऱ्हायलंच न्हाय." डोळे लाल.

सगळं गाव त्यांना बोलतंय, कुलूप लावून गेले म्हणून. कमलसुद्धा बोलली. ते एक शब्द उलट बोलत नाहीत. बाबूराव गिरणीत असतात. माझ्याकडं बघून मान हलवतात. कुणाला सांगितलेलं नाही त्यांनी. मीही नाही. दळण कमलच्या हातून पाठवलं.

संध्याकाळी ह्यांचा फोन. संगी तशीच. झटके थांबले, औषध चालू आहे. "रक्त द्यावं लागलं. मी दिलं, द.रावनं दिलं." पोर इकडे बारामतीतच पेटीत. कापसाने दूध देतात. दिवसातून एकदा काचेतून दाखवतात.

१४ ऑक्टो., मंगळ.

घंटी वाजली की हातातलं टाकते. उचलेपर्यंत म्हणते, नको, नको. उचलल्यावर कुणी म्हणतं, "शेठ हायत का? मोटार धूर सोडायलीय." मग मी ओल्या हातानं पुढं धावते, भाऊजी मागं धावत येतात, माझ्या ओट्यापाशी उभं राहून बोलतात. आज एकाला मीच विचारून घेतलं, किती हॉर्सची, विहीर का बोअर. भाऊजी म्हणाले, "बघा, शिकलात." दोघांनाही हसायला आलं आणि लगेच ते दुकानात गेले.

घर सोडून कुठं जात नाही. देवळात नाही. पाणी भरायला कमल जाते. मी गेले आणि तेवढ्यात वाजला तर? न्हाणीचं दारसुद्धा लावत नाही पूर्ण.

पण खरं सांगायचं तर मी पुण्याला जात नाही ती फक्त फोनसाठी नाही. मला भीती वाटते. तिच्याजवळ मी गेले आणि... मागल्या खेपेस माझ्या हाताखालीच गेलं. ह्या वेळेस मी थांबा म्हणाले. विहीणबाई बोलतात ते खरंच असेल तर?

देवापुढं बसते. काय मागायचं ते सुचत नाही. पूजा मोडली नाही म्हणून मागू?

१५ ऑक्टो., बुध.

फोन दुपारी. हे म्हणाले, तिनं हात हलवला. मी विचारलं डोळे उघडले का. "न्हाय अजून." मग काही तरी लपवल्यासारखं, "डॉक्टर बघत्यात."

दोन मिनिटं झाली की ह्यांना पीसीओचं मीटर दिसतं, ठेवतात. मीच लावलेली सवय, इतक्या वर्षांची. आज वाटलं म्हणावं, बोला हो, होऊ द्या काय व्हायचं ते. पण ठेवलेला होता.

१६ ऑक्टो., गुरु.

सकाळी नऊला द.रावांचा. मागं गाड्यांचा आवाज. "मामी, डोळं उघडल्यात तिनं. बोलतीयबी थोडं." मी "देवा" म्हणाले आणि खालीच बसले. पण त्यांचा आवाज आनंदाचा वाटेना. "काय झालं? बोला की." "मामी... मी समोर हुबा व्हतो. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय." आणि लाइन कट. परत वाजेल म्हणून अर्धा तास बसले. नाही वाजला.

समोर उभा होता आणि बघितलं नाही म्हणजे काय?

दुकानात गेले. भाऊजी मोटार खोलत होते. सरळ सांगून टाकलं. बाबूराव पहार आणत होते, कुलूप तुटत होतं, मी थांबा म्हणाले. तुम्ही उगाच सगळ्यांचं ऐकून घेताय.

भाऊजींनी पाना खाली ठेवला. हात पुसले. मग म्हणाले, "वहिनी, मी हितं असतो तर मीबी त्येच म्हणालो असतो. आपल्या घरात दुसरं कोण काय म्हणंल?"

बरं वाटलं नाही. पण छाती जरा मोकळी झाली.

मग म्हणाले, "जावा तुमी पुण्याला. कमल तुमच्या ओट्यापाशी बसंल. म्या बसतो. दुकान बंद ठिवतो पायजे तर." कमल म्हणाली, "अक्का, फोन काय बाळंतीण हाय व्हय त्येच्या उशाला बसायला? जी हाय तिच्याकडं जावा."

उद्या पहिल्या गाडीने. पायात चप्पल घातली आज, नवरात्र कधीच संपलं.

निघण्याआधी आज दवाखान्यात नातीला काचेतून बघितलं. मूठ एवढीशी, उघडते, मिटते. नाव कुणी ठेवलेलं नाही. ठेवायची हिंमत नाही कुणाची.

१७ ऑक्टो., शुक्र., पुणे

दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहिते.

हे दारात भेटले. चार दिवसांची दाढी. म्हणाले, "आत जायच्या आधी ऐक. तिला दिसत न्हाय." मला वाटलं झोपेत आहे म्हणतात. "न्हाय. डोळं उघडं हायत, दिसत न्हाय. बी.पी. डोक्यात गेल्यानं. डॉक्टर म्हनत्यात, लई जनींना परत येतं, आठ-पंधरा दिसांत." लई जणींना म्हणजे सगळ्यांना नव्हे, हे मला कळतं, मी दहावी झालेली आहे.

विहीणबाई खाटेपाशी होत्या. मला बघून उठल्या. काही बोलतील म्हणून मी उभीच. त्यांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं आणि बाहेर गेल्या. जाताना पदर डोळ्याला.

संगी उताणी. सूज उतरलीय, केवढीशी दिसते. डोळे छताकडे, उघडे. मी जवळ गेले तरी हलले नाहीत.  शेवटी म्हणाले, "संगे."

तिचं तोंड उजळलं. मान वळवली, पण चुकीच्या बाजूला, भिंतीकडे.

"आई? आई गं. कुठनं बोलतीस?"

मी तिचा हात धरला. तिनं तो चाचपला, बांगड्या मोजल्यासारखा. तरी पुन्हा विचारलं, "ऐकू येतंय का तुला माझं? कुठनं बोलतीस?"

"हितनंच," म्हणाले. "हितनंच बोलते."

"बाळ?"

"हाय. बारामतीला हाय. मूठ उघडते." दुसरं काही सांगता आलं नाही.

मोठे डॉक्टर चारला येणार, डोळ्यांत बॅटरी मारून बघणार. आता सव्वातीन झालेत. तिनं हात सोडलेला नव्हता, झोप लागल्यावर मी हळूच सोडवून घेतला आणि इथं आले. उठली की लगेच हाक मारील म्हणून जिन्यातच बसलेय, दार उघडं ठेवून.